बंगल्याच्या बाजूला गाडीचा शेड मारायचाय? आधी मार्जिनचं गणित बघा

२०२५ च्या मे महिन्यात परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं की गाडी उभी करायला जागा आहे याचा पुरावा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी होणार नाही असं धोरण आणायचंय, आणि लगेच व्हॉट्सॲपवर लोकांचे दोन गट पडले. फ्लॅटवाले बिल्डरने दिलेला पार्किंगचा कागद कपाटात शोधायला लागले. बंगलेवाले आणि रो-हाऊसवाले मात्र निवांत होते, आपल्याला काय चिंता, बाजूला सात-आठ फूट जागा पडूनच आहे, फॅब्रिकेटरला बोलवायचं, चार अँगल उभे करायचे, वर पत्रा टाकायचा, झालं गॅरेज.

खरी गडबड या "पडूनच आहे" मध्ये आहे. ती जागा घर बांधताना उरली म्हणून मोकळी राहिलेली नाही, ती सोडली म्हणून तर नकाशा मंजूर झाला. त्यामुळे शेडचा प्रश्न विचारताना लोक पत्र्याबद्दल विचारतात, खर्चाबद्दल विचारतात, पण विचारायला हवं ते त्या जागेबद्दल. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम फारसे अवघड नाहीत.

मार्जिन म्हणजे काय आणि ते का सोडायचं

प्लॉटची हद्द आणि घराची भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी जी मोकळी जागा ठेवावी लागते तिला मार्जिन म्हणतात. रस्त्याकडचं फ्रंट मार्जिन, दोन बाजूंची साईड मार्जिन, मागचं रिअर मार्जिन. किती सोडायचं ते प्लॉट केवढा आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, इमारत किती उंच आहे आणि भाग दाट वस्तीचा आहे की नाही यावर ठरतं, म्हणून "आमच्या मेहुण्याने दीड मीटर सोडलं होतं" याला अर्थ नाही, मेहुण्याचा रस्ता वेगळा आणि तुमचा वेगळा.

लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाचं पान स्वतःचं असतं, पण दोन रांगांच्या मध्ये वाट सोडलेली असते. तिथे कुणी बसत नाही म्हणून वाढपी वरणाची बादली घेऊन शेवटपर्यंत जाऊ शकतो. एकाने पाय पसरले तर वाढपी वळसा घालून जातो, काही बिघडत नाही, पण सगळ्यांनीच पसरले की शेवटच्या पानावर भातच पोचत नाही. मार्जिन ही तशी वाट आहे, फरक इतकाच की ती प्रत्येकाने स्वतःच्या सातबाऱ्यातून किंवा प्रॉपर्टी कार्डातून दिलेली आहे.

तिथून जातं काय? हवा आणि उजेड तर जातोच, शेजारी-शेजारी दोन घरांनी दोन-दोन मीटर सोडले तर मध्ये चार मीटरची पोकळी तयार होते आणि दोघांच्या खिडक्यांना अर्थ राहतो. ड्रेनेजची लाईन, चेंबर, सेप्टिक टँक, पाण्याची जमिनीखालची टाकी हे सगळं बहुतेक घरांत मार्जिनमध्येच असतं आणि शेडसाठी कोबा करताना चेंबरचं झाकण त्याखाली गाडलं जातं, मग तीन वर्षांनी तुंबलं की ब्रेकर लावायची वेळ येते. मोठ्या इमारतींमध्ये तर अग्निशमन दलाचा बंब आत वळायला हवा म्हणून ६ मीटरची पट्टी मोकळी ठेवायला लावतात. बंगल्यात बंब शिरणार नाही हे खरं, पण शिडी घेऊन माणसं शिरतात, आणि आग लागली तर बाजूच्या घरापर्यंत ती जाऊ नये म्हणूनही ते अंतर असतं. त्या अंतरात पेट्रोलची टाकी भरलेली गाडी आणि वर प्लॅस्टिकची शीट ठेवली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

एफएसआय शिल्लक आहे, मग अडचण काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात मोठा घोळ. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. २०० चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय १.१० असेल तर २२० चौरस मीटर बांधता येतं, तुम्ही १५० च बांधलं असेल तर ७० शिल्लक. लोक म्हणतात की शिल्लक आहे ना, मग त्यातून शेड मारतो. वर हेही ऐकलेलं असतं की पार्किंगच्या जागेला एफएसआय लागतच नाही, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, इमारतीखालचा स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) किंवा फक्त पार्किंगसाठीचं बेसमेंट एफएसआयमध्ये धरत नाहीत.

पण एफएसआय सांगतो किती बांधायचं आणि मार्जिन सांगतं कुठे बांधायचं. दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या, एकीत नव्वद टक्के पडले म्हणून दुसरीत पास करत नाहीत. शिल्लक ७० चौरस मीटर तुम्ही वरच्या मजल्यावर वापरू शकता (पाया आणि नकाशा परवानगी देत असेल तर), पण ते मार्जिनमध्ये उतरवता येत नाहीत. आणि पार्किंगला एफएसआयमधून सूट आहे याचा अर्थ पार्किंगचं छप्पर कुठेही चालेल असा अजिबात नाही.

मापं घालून बघू. समजा प्लॉट १० मीटर रुंद आहे, घर ६ मीटर रुंद आहे, एका बाजूला दीड मीटर सोडलंय आणि दुसऱ्या बाजूला अडीच. नियमांत एका कारच्या जागेचं माप २.५ मीटर बाय ५ मीटर धरतात. म्हणजे अडीच मीटरच्या बाजूला गाडी बसते, पण कंपाउंडच्या भिंतीपासून घराच्या भिंतीपर्यंत सगळी रुंदी खाऊनच बसते. गाडी काढली की जागा परत मोकळी होते. छप्पर आणि खांब मात्र कायमचे राहतात आणि त्या बाजूचं मार्जिन शून्य होतं. नुसती उघड्यावर गाडी उभी करणं हे बांधकाम नाही, वर छप्पर आलं की ते बांधकाम. कारचं चांगलं कव्हर चार-पाच हजारात मिळतं आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नाही, हा आपला फुकटचा सल्ला.

कुठल्या गावाला कुठला नियम

पूर्वी प्रत्येक महापालिकेची नियमावली वेगळी असायची, पुण्याचं एक, नाशिकचं दुसरं, नगरपालिकांचं तिसरं. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक भागाला एकच नियमावली लागू झाली, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी यूडीसीपीआर म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो. तिच्यातून बृहन्मुंबई वगळलेली आहे, तिथे डीसीपीआर २०३४ ही मुंबईची स्वतंत्र नियमावली चालते. एमआयडीसीची क्षेत्रं, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील जाहीर झालेले भाग हेही बाहेर आहेत. कोकणात समुद्राजवळ घर असेल तर सीआरझेडचे म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम आणखी वरून लागतात.

गावात गावठाणाच्या हद्दीत ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी किंवा त्या भागासाठी नेमलेलं प्राधिकरण, शहरात महापालिका किंवा नगरपरिषद, ही परवानगी देणारी दारं. सिडकोच्या किंवा म्हाडाच्या जुन्या वसाहतीत राहत असाल तर जागा लीजवर आहे का तेही बघा, कारण लीजच्या करारातल्या अटी नियमावलीपेक्षा कडक असू शकतात.

मग गाडीला छप्पर कायदेशीरपणे कुठे मिळतं?

सगळ्यात सोपा रस्ता नवीन घर बांधणाऱ्यांना आहे. घराखालीच स्टिल्ट घ्या, म्हणजे तळमजल्यावर नुसते खांब आणि वर घर, गाडी घराच्या पायांमध्ये उभी राहते आणि मार्जिनला हात लागत नाही. आजकाल छोट्या प्लॉटवरचे बहुतेक आर्किटेक्ट हेच काढून देतात. आजी-आजोबांना जिना चढावा लागतो ही त्यातली अडचण, आणि ती खरीच आहे.

दुसरा रस्ता पोर्चचा. दारासमोर खांबांवरचा, बाजूंनी उघडा पोर्च ठरावीक मापापर्यंत मार्जिनमध्ये आलेला चालतो, हद्दीपासून काही अंतर सोडून. अट एवढीच की तो मंजूर नकाशात पोर्च म्हणून दाखवलेला हवा आणि पोर्चच राहायला हवा. आपल्याकडे पोर्च पहिल्या वर्षी पोर्च असतो, दुसऱ्या वर्षी त्याला शटर लागतं, पाचव्या वर्षी त्यावर मुलाची अभ्यासाची खोली येते, आणि तिथून पुढे तो कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

तिसरा म्हणजे स्वतंत्र गॅरेज. प्लॉट मोठा असेल तर याला नियमांत जागा आहे, पण ते रस्त्याकडच्या इमारत रेषेच्या मागे हवं आणि घरात शिरायची वाट अडवणारं नको. इमारत रेषा म्हणजे रस्त्याकडून जिथपर्यंत बांधकाम आणायची मुभा आहे ती रेषा. जुन्या बंगल्यांच्या कॉलन्यांमध्ये मागच्या कोपऱ्यात लाकडी दाराचं एकटं गॅरेज दिसतं ना, त्यामागे हाच विचार आहे, रस्त्यावरून दिसू नये आणि शेजाऱ्याच्या खिडकीला लागू नये. आज तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर ते बसवणं अवघडच.

कंपाउंड वॉलचंही इथेच सांगतो, कारण शेडवाले पुष्कळदा भिंत उंच करून तिच्यावरच पत्रा टेकवतात. रस्त्याकडची भिंत साधारण दीड मीटरपर्यंत चालते, वरचा भाग जाळीचा किंवा ग्रिलचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. ती हद्द दाखवायला असते, छप्पर पेलायला नाही, आणि दोघांची सामाईक असेल तर शेजाऱ्याला न विचारता तिच्यात खिळासुद्धा ठोकू नका.

"पण तो पत्र्याचा आहे, पक्का थोडीच आहे!"

नियमावलीतली इमारतीची व्याख्या सामानावर अवलंबून नाही. कुठल्याही कामासाठी, कुठल्याही सामानाने उभारलेली रचना म्हणजे इमारत, मग आरसीसी असो, पन्हळी पत्रा असो नाहीतर पॉलीकार्बोनेट शीट. नटबोल्टने जोडलंय, वेल्डिंग नाही, उद्या काढता येईल, हा युक्तिवाद फॅब्रिकेटर हमखास देतो. उद्या काढता येतं म्हणून उलट तोट्यात आहात तुम्ही, कारण तात्पुरत्या बांधकामासाठी एमआरटीपी कायद्यात, म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, कलम ५५ वेगळं आहे आणि त्याखाली काढून टाकण्याची कारवाई पक्क्या बांधकामापेक्षा झटपट होते.

पावसाळी शेड हा प्रकार मात्र नियमांत खरंच आहे. पावसापासून संरक्षणासाठी किंवा गच्ची झाकायला फक्त पावसाळ्यापुरती रचना तात्पुरती म्हणून मंजूर होऊ शकते, अर्ज करून आणि मुदत घालून. आता किती लोक दसऱ्याला पत्रे उतरवतात ते आपल्या गल्लीत बघून घ्या.

आणि पाणी. पत्र्याचा उतार कुठे आहे? बहुतेक शेडचा उतार घराकडून हद्दीकडे असतो, म्हणजे सगळ्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात. पहिल्या मोठ्या पावसात तक्रार होते ती इथून, तोपर्यंत शेडचं कुणाला काही वाटलेलं नसतं. आपल्या छपराचं पाणी आपल्याच हद्दीत उतरवायचं हे नियमावली न वाचताही कळायला हवं, पन्हळ आणि पाईप लावायला फार खर्च येत नाही.

"छोट्या प्लॉटला परवानगी लागत नाही असं वाचलं होतं"

अर्धं वाचलं होतं. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटवरचं बांधकाम कमी जोखमीचं धरलंय. तिथे नकाशा छाननीत महिनोन्महिने अडकत नाही, आर्किटेक्ट किंवा लायसन असलेल्या इंजिनिअरने केलेला नकाशा दाखल करून, शुल्क भरून काम सुरू करता येतं. बातमीच्या मथळ्यात ते "दीड हजार चौरस फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही" असं झालं आणि तेच लोकांच्या लक्षात राहिलं. पण सोपी झाली ती रांग, मार्जिन, उंची, एफएसआय जसेच्या तसे लागू आहेत, नकाशावर सही करणाऱ्याची जबाबदारी उलट वाढली. आणि इथेही नकाशा दाखल करायचाच असतो, फॅब्रिकेटरने वहीच्या पानावर काढलेलं चित्र म्हणजे नकाशा नव्हे.

"मी त्या शेडचा टॅक्स भरतोय, पावती आहे"

ही पावती लोक फार जपून ठेवतात. महापालिका बेकायदा बांधकामावरही मालमत्ता कर लावते, वर दुप्पट शास्ती म्हणजे दंडसुद्धा लावू शकते, आणि महापालिका अधिनियमाच्या ज्या कलमाने लावते त्या २६७अ मध्येच लिहिलंय की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर हा किती वर्षं निवडणुकीचा मुद्दा होता ते तिकडच्या लोकांना माहीत आहे, २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला, पण माफ झाला तो कर. ती बांधकामं त्यामुळे मंजूर नकाशात जाऊन बसली नाहीत. लाईट बिलाचंही तेच, मीटर मिळाला म्हणजे बांधकाम पास झालं असं नसतं.

"शेजाऱ्याची हरकत नाही, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय"

शेजाऱ्याशी संबंध चांगले आहेत ही आनंदाची गोष्ट, पण मार्जिन शेजाऱ्याने दिलेलं नाही त्यामुळे तो ते माफही करू शकत नाही. त्याच्या लेखी संमतीने फार तर तक्रार येणार नाही, आणि तीही तो राहतोय तोपर्यंत. घर विकलं की नवीन माणूस येतो, त्याने ना स्टॅम्पपेपर बघितलेला असतो ना तुमच्या हातचा चहा घेतलेला असतो.

"सगळ्यांनीच केलंय, आणि आमचं तर वीस वर्षांचं आहे"

सगळ्यांनी केलंय हे खरंच आहे, रो-हाऊसच्या कुठल्याही जुन्या कॉलनीतून चक्कर मारा, पुढचं मागचं मार्जिन मूळ नकाशाप्रमाणे असलेलं घर शोधावं लागतं. यात फक्त लोकांना दोष देऊन चालणार नाही असं माझं मत आहे. ज्या काळात हे प्लॉट पाडले तेव्हा घरटी एक स्कूटर होती, आता दोन बाईक आणि एक कार आहे, आणि रस्ता तेवढाच. गाडी बाहेर लावली तर टोइंगवाले, आत लावली तर मार्जिन, माणसाने करायचं काय. नियमावलीत जुन्या छोट्या घरांच्या पार्किंगचा स्वतंत्र विचार व्हायला हवा होता असं मला वाटतं. पण तो होत नाही तोवर आहे तो नियम आहे.

जुनं झालं म्हणून बांधकाम आपोआप कायदेशीर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं, की प्रशासनाने उशीर केला, बरीच वर्षं गेली, पैसे खूप गुंतले, यातलं काहीही बेकायदा बांधकाम वाचवायला पुरेसं नाही. "दंड भरून नियमित करून घेऊ" याचाही भरवसा धरू नका. गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जमिनीवरची घरं नियमित करणाऱ्या गुंठेवारीसारख्या योजना येतात, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीतल्या बांधकामांना संधी मिळाली, पण त्या ठरावीक प्रकारच्या आणि ठरावीक तारखेपर्यंतच्या बांधकामांसाठी असतात. आज मारलेला शेड उद्या येणाऱ्या योजनेत बसेल या आशेवर पैसे घालणं म्हणजे जुगार.

"अमेरिकेत तर गॅरेजमध्ये लोक घर करून भाड्याने देतात"

देतात, कॅलिफोर्नियात तर गेल्या काही वर्षांत कायदेच तसे बदललेत, गॅरेजचं छोटं घर करायला सोपं केलंय आणि त्या बदल्यात दुसरीकडे पार्किंग द्या असं शहराला सांगता येत नाही. पण तेही परमिट काढूनच करतात, आणि तिथे प्रश्न घरांच्या टंचाईचा होता म्हणून कायदा बदलला गेला. कायदा बदलून करणं आणि कायदा आहे तसा ठेवून करणं यात फरक आहे.

शटर लावून दुकान काढलं तर?

समजा गॅरेज अगदी नियमात आहे, नकाशात आहे, भोगवटा प्रमाणपत्रातही आहे. आता त्यात ब्युटी पार्लर काढायचंय, नाहीतर शिकवणी, नाहीतर एखादा मुलगा भाडेकरू म्हणून ठेवायचाय. कायद्यात "विकास" या शब्दात नुसतं बांधणं येत नाही, वापर बदलणंही येतं, एक वीट न हलवता तुम्ही विकास केलेला असतो. रहिवासी भागात काही छोटे व्यवसाय चालतात, ते रस्त्याच्या रुंदीवर आणि व्यवसायाच्या प्रकारावर अवलंबून असतं, पण गाडीची म्हणून दाखवलेली जागा दुकानाला दिली की नकाशातलं पार्किंग कमी झालं आणि तुमची गाडी परत रस्त्यावर आली. पार्किंगला एफएसआयमधून सूट मिळालेली असते ती पार्किंग म्हणून, खोली केली की ती सूट गेली.

शेतातला गोठा आणि ट्रॅक्टरचा शेड

गावाकडचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सोपा आहे, निदान सुरुवातीला. जमीन महसूल संहितेत शेतीच्या इमारतीची व्याख्या बरीच मोठी आहे, अवजारं, खत, चारा ठेवायला, माल साठवायला, जनावरं बांधायला, शेतकऱ्याच्या कुटुंबाने किंवा गड्याने राहायला बांधलेली रचना त्यात येते. म्हणजे गोठा किंवा ट्रॅक्टरचा शेड हा शेतीचाच भाग, त्याला जमीन एनए म्हणजे बिगरशेती करावी लागत नाही. शहराच्या किंवा विकास आराखड्याच्या हद्दीत शेत असेल तर मात्र बांधकामाची परवानगी वेगळी लागतेच, हे हद्दवाढीत आलेल्या गावांतल्या लोकांना उशिरा कळतं.

घोळ वापर बदलला की होतो. त्याच शेडमध्ये भाड्याचे दोन टेम्पो उभे राहायला लागले, किंवा रस्त्याकडचा गोठा पाडून पंक्चरचं दुकान आणि चहाची टपरी आली, की तो शेतीचा राहिला नाही. फार्महाऊसचंही तसंच, त्यासाठी किमान ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर जमीन लागते. दहा गुंठ्यांचे तुकडे "फार्महाऊस प्लॉट" म्हणून विकतात तेव्हा तिथे घर कसं मंजूर होणार हे विकणाऱ्याला विचारा, गॅरेज लांबची गोष्ट.

फ्लॅटवाल्यांचं काय

सोसायटीत हाच प्रश्न ग्रिलच्या रूपाने येतो, स्टिल्टमधल्या आपल्या जागेला जाळी लावून कुलूप घालायचं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सांगितलं की स्टिल्टमधली जागा हे गॅरेज नाही, ती सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तो निकाल मोफा या फ्लॅट विक्रीच्या जुन्या कायद्याखालचा. नंतर २०१६ चा रेरा हा बांधकाम व्यवसायावरचा कायदा आला आणि त्यात गॅरेजची व्याख्या आली, छप्पर हवं आणि तीन बाजूंनी भिंती हव्यात, उघडं पार्किंग गॅरेजमध्ये धरत नाहीत. गंमत म्हणजे चार खांबांवरचा तुमचा शेड रेराच्या भाषेत गॅरेज नाही, पण यूडीसीपीआरच्या भाषेत इमारत नक्की आहे.

महारेराने, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, एप्रिल २०२४ मध्ये बिल्डरांना सांगितलं की पार्किंग देत असाल तर त्याची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारात लिहा. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी हे बघाच, कारण खांबाला चिकटलेलं पार्किंग कागदावर छान दिसतं आणि प्रत्यक्षात गाडीतून ड्रायव्हरला खिडकीतून उतरावं लागतं. जुन्या सोसायटीत पार्किंगचं वाटप सोसायटी उपविधींप्रमाणे करते, जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून, आणि मिळाली तरी ती मालकीची होत नाही. त्यामुळे जाळी लावायचा प्रश्नच येत नाही, आणि कमिटीने "लावा, काही होत नाही" म्हटलं तरी नकाशात नसलेली जाळी कमिटीच्या ठरावाने नकाशात येत नाही.

नोटीस आली तर

पहिलं म्हणजे ती घ्या. न घेतल्याने ती परत जात नाही, दाराला चिकटवतात आणि फोटो काढून नेतात. एमआरटीपीच्या कलम ५३ खाली नोटीस आली असेल तर नोटिशीतल्या मुदतीत दोन गोष्टी करता येतात, बांधकाम स्वतः काढणं किंवा ते ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करणं. अर्ज करायचा असेल तर आर्किटेक्टकडून मोजून घ्या की शेड नियमात बसवता येतो का, पुष्कळदा सगळा काढावा लागत नाही, हद्दीकडचा भाग कापून पोर्चच्या मापात आणता येतो. अजिबात बसत नसेल तर अर्जाने फक्त वेळ मिळेल. विनापरवाना बांधकामासाठी कलम ५२ खाली फौजदारी खटलाही होऊ शकतो, तेव्हा नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सगळ्या देशासाठी घालून दिलंय की किमान १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पाडायचं नाही. पण रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. शेडचा रॅम्प गटारावर आणि फुटपाथवर आलेला असेल, आणि तो बहुतेकांचा आलेला असतो, तर तेवढ्या भागाला हे पंधरा दिवस धरू नका.

फॅब्रिकेटरला फोन करायच्या आधी

मंजूर नकाशा काढा. घरात नसेल तर ज्या कार्यालयाने मंजूर केला तिथून प्रत मिळते, माहितीच्या अधिकारातही मागता येते. नकाशावर घराभोवती मार्जिनचे आकडे लिहिलेले असतात, ते घ्या आणि टेप लावून प्रत्यक्षात मोजा, कारण बांधतानाच कॉन्ट्रॅक्टरने अर्धा फूट इकडेतिकडे केलेलं असतं आणि ते आता कळलेलं बरं. चेंबर आणि टाकी कुठे आहेत ते खुणा करून ठेवा. मग लायसन असलेल्या आर्किटेक्टला किंवा इंजिनिअरला एवढंच विचारा की या प्लॉटवर, या रस्त्यावर, मार्जिन किती हवं, पोर्च किती बसतो आणि सुधारित नकाशा लागेल का. त्याची फी शेडच्या खर्चाच्या मानाने थोडी असते.

पुढे घर विकायचं असेल किंवा त्यावर कर्ज काढायचं असेल तर बँकेचा व्हॅल्युअर हाच नकाशा हातात घेऊन घराभोवती फिरतो. नकाशात नसलेलं बांधकाम तो एकतर किमतीत धरत नाही, नाहीतर अहवालात तसा शेरा मारतो, आणि मग घेणारा आधी शेड काढा म्हणून अडून बसतो. त्या वेळी गॅस कटर लावायला फॅब्रिकेटर तोच येतो, पैसे फक्त दुसऱ्यांदा घेतो.